मधुमेहाचा पुढचा धोका रक्तात कसा वाचायचा

मधुमेहाने किडनी, डोळे, नसा, हृदय आणि यकृत यांची हानी होते, पण ती वर्षानुवर्षे मुकाट चालते. पायाला सूज दिसेपर्यंत किडनीचे बरेचसे काम गेलेले असते. रक्ताच्या आणि लघवीच्या मोजक्या तपासण्या ही चाहूल कितीतरी आधी देतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच नव्हे, तर चोपडा, शिरपूर, शहादा अशा तालुक्याच्या गावीही यातल्या बहुतेक तपासण्यांचे सॅम्पल देता येते. खरी अडचण रिपोर्ट वाचण्याची आहे. रिपोर्टवर ठळक अक्षरात काही नसले की कागद पिशवीत जातो आणि पुढच्या वर्षी दुसरा येतो. धोका मात्र बहुतेक वेळा या दोन कागदांमधल्या फरकात लपलेला असतो.

हा लेख मुख्यतः टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढांसाठी आहे. गर्भवतींचे निकष वेगळे असतात. आकडे समजून घ्या, पण गोळ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बदलू नका.

पहिले काम: वही

घरातले जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. शंभर पानी वहीत आडवे पान घेऊन रकाने आखा: तारीख, एचबीए१सी, उपाशीपोटी शुगर, क्रिएटिनिन, ईजीएफआर, लघवीचा एसीआर, एलडीएल, ट्रायग्लिसराइड, हिमोग्लोबिन, एएसटी, एएलटी, प्लेटलेट, बीपी, वजन. यातल्या अनोळखी नावांचा अर्थ पुढे येतोच. शेवटचा रकाना शेऱ्याचा, आणि तो जरा रुंद ठेवा. कोणती लॅब, आदल्या दिवसांत ताप होता का, रक्त चढवले होते का, कोणती नवी गोळी सुरू झाली, हे तिथे लिहायचे. दोन वर्षांनी विचित्र आकड्याचा उलगडा या रकान्यातच होतो.

शक्यतो लॅब एकच ठेवा. यंत्र आणि पद्धत बदलली की आकडाही थोडा सरकतो, आणि तो फरक आजाराचा की यंत्राचा हे कळत नाही.

सॅम्पल देताना

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. गावात सकाळी काढलेले रक्त मोटारसायकलवरून दुपारी शहरात पोचले, तर वाटेतच आकडे बदलतात. नळीतल्या रक्तपेशी साखर खात राहतात. साध्या नळीत ग्लुकोज तासाला साधारण ५ ते ७ टक्के घटते आणि उष्णतेत त्याहून वेगाने. म्हणून शुगरसाठी राखाडी टोपणाची, फ्लोराइड असलेली नळी वापरतात. एचबीए१सीसाठी जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी लागते. क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, पोटॅशियम यांसाठी लाल किंवा पिवळ्या टोपणाची नळी असते, आणि ती रक्त गोठल्यावर साधारण दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळे करावे लागते.

त्यामुळे कलेक्शन सेंटरवर एक प्रश्न जरूर विचारा: "सॅम्पल इथेच फिरवता की तसेच पाठवता?" तसेच पाठवत असतील तर शुगर खोटी कमी येऊ शकते आणि पोटॅशियम खोटे जास्त. पेशी फुटलेल्या असल्या की रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' असा शेरा येतो. अशा रिपोर्टमधल्या पोटॅशियमवर विसंबू नका, सॅम्पल पुन्हा द्या.

घरच्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांनाही उष्णता बाधते. बहुतेक डब्यांवर ३० अंशांखाली ठेवा असे लिहिलेले असते. पत्र्याच्या घरात, गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत पडलेल्या पट्टीच्या आकड्यावर भरवसा नको. डबा माठाजवळच्या थंड कोपऱ्यात ठेवा आणि झाकण घट्ट लावा. ओल मात्र लागू देऊ नका.

तापात, मोठ्या आजारात किंवा जुलाब चालू असताना ही वार्षिक तपासणी करू नका. बरे झाल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या. आदल्या दिवशी पाणी नेहमीइतके प्या. उन्हात राबून, तहानेने सुकलेल्या अंगाने सॅम्पल दिले तर क्रिएटिनिन वाढलेले दिसते. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. थायरॉइड आणि हृदयाच्या काही तपासण्या त्यामुळे चुकतात.

एचबीए१सी: उपयोगी, पण आंधळेपणाने नको

लोक याला तीन महिन्यांची शुगर म्हणतात. तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, ते ही तपासणी मोजते. उपाशी राहायची गरज नसते. आकड्याचा साधारण निम्मा भार शेवटच्या महिन्याचा असतो, म्हणून आखाजीचे मांडे, पुरणपोळ्या आणि आमरस झाल्यावर जूनमध्ये काढलेला आकडा हिवाळ्यातल्यापेक्षा वर दिसला तर नवल नाही.

आकड्याची सरासरी शुगर अशी काढतात: एचबीए१सीला २८.७ ने गुणा आणि ४६.७ वजा करा. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२, १० म्हणजे २४०. बहुतेकांसाठी लक्ष्य ७ च्या आत असते. वय झालेल्या, हृदयविकार असलेल्या, शुगर अचानक उतरण्याचा त्रास असलेल्या माणसासाठी डॉक्टर ८ पर्यंत चालवून घेतात, आणि ते बरोबरच आहे. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षे चाललेल्या यूकेपीडीएस अभ्यासाच्या विश्लेषणात एचबीए१सी एक टक्क्याने कमी असण्याशी डोळे-किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती ३७ टक्क्यांनी आणि हार्ट अटॅक १४ टक्क्यांनी कमी असण्याची सांगड दिसली. या दोन आकड्यांतले अंतर लक्षात घ्या. हृदय वाचवायला नुसती शुगर उतरवून भागत नाही, त्यासाठी बीपी आणि कोलेस्टेरॉलही ताब्यात ठेवावे लागते.

आता खानदेशासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सातपुड्याच्या पट्ट्यात, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शिरपूर, चोपडा, यावल या भागांत भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि एचबीए१सी खोटा कमी येतो. या आजारात ही तपासणी वापरूच नये. ज्यांच्यात सिकलसेलचा फक्त एक जनुक आहे, म्हणजे जे वाहक आहेत, त्यांच्यात काही पद्धतींनी आकडा बरोबर येतो तर काहींनी चुकतो. लॅबला वाहक असल्याचे सांगा आणि त्यांची पद्धत अशा रक्तासाठी चालते का ते विचारा. एचपीएलसी पद्धतीच्या रिपोर्टसोबत आलेख असतो. त्यात नेहमीच्या उंचवट्यांखेरीज वेगळा उंचवटा किंवा 'व्हेरियंट' असा शेरा दिसला, तर तो कागद डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. सिकलसेलची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांवर होते.

लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया नेमका उलटा खेळ करतो आणि आकडा खोटा वाढवतो. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की तो काही आठवड्यांत उतरतो, शुगर तीच असली तरी. नुकतेच रक्त चढवले, मोठा रक्तस्राव झाला, किडनीच्या आजारासाठी रक्त वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने चालू आहेत किंवा जी६पीडी या एन्झाइमची कमतरता आहे, अशा वेळी आकडा खोटा कमी येतो. म्हणून हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय एचबीए१सी वाचू नका.

पडताळा सोपा आहे. समजा, घरी ग्लुकोमीटरवर वेगवेगळ्या वेळी १८० ते २२० येते आणि एचबीए१सी मात्र ६.१, म्हणजे सरासरी १२८. दोन्ही खरे असू शकत नाहीत. पट्ट्या जुन्या नसतील तर संशय एचबीए१सीवर घ्या आणि डॉक्टरांना फ्रुक्टोसामाइनबद्दल विचारा. ही तपासणी मागच्या दोन-तीन आठवड्यांची शुगर सांगते आणि हिमोग्लोबिनवर अवलंबून नसते. मात्र रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन फार कमी असेल तर तीही फसते.

आणखी एक सावधगिरी. एचबीए१सी ११-१२ वरून झपाट्याने खाली आणायचा असेल, विशेषतः इन्सुलिन सुरू करताना, तर आधी डोळ्याचा पडदा तपासून घ्या. पडद्याचा आजार आधीच असेल तर शुगर वेगाने उतरल्यावर तो काही महिने बळावू शकतो.

किडनी: दोन आकडे जोडीने

इतर सगळ्या तपासण्यांना कात्री लावायची वेळ आली तरी ही जोडी सोडू नका: रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, आणि लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे एसीआर. क्रिएटिनिन बहुतेक जण करतात, एसीआर बहुतेक जण टाळतात. लघवीतले अल्ब्युमिन मात्र पुष्कळदा क्रिएटिनिन हलायच्या कितीतरी आधी वाढते. टाइप २ मध्ये निदान झाल्यापासून दरवर्षी एसीआर करायचा, टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर.

क्रिएटिनिन नुसते वाचू नका, त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचा अंदाज, काढा. लॅबने छापला नसेल तर सीकेडी-ईपीआय २०२१ या सूत्राचे कॅल्क्युलेटर मोबाइलवर मिळते. क्रिएटिनिन १.२ म्हणजे तीस वर्षांच्या पुरुषात ईजीएफआर साधारण ८३, आणि साठीच्या बाईत साधारण ५२. एकच आकडा, पण बाईंच्या किडनीचे काम बरेच खाली आलेले आहे, आणि पुष्कळ रिपोर्टवर १.२ हा 'नॉर्मल'च दिसतो.

आता वहीतला क्रम बघा. समजा एका पुरुषाचे वय ५५ असताना क्रिएटिनिन ०.९, पुढच्या वर्षी १.०, मग १.१, आणि ५८ व्या वर्षी १.२. चारही कागदांवर काहीही ठळक नाही. ईजीएफआर मात्र १०१, ८८, ७८, ७० असा उतरत गेला. वर्षाला ५ पेक्षा जास्त घट टिकून असेल तर ती वेगवान समजतात. इथे ती वर्षाला दहा आहे. त्याच काळात एसीआर १८ वरून ४५, ११० असा चढत असेल, तर हा माणूस डायलिसिसच्या वाटेला लागला आहे आणि वाट बदलायला अजून भरपूर वेळ आहे. सगळे आकडे एका पानावर आणण्याचे कारण हेच.

एसीआर ३० मि.ग्रॅ. प्रति ग्रॅमखाली असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे वाढलेला, ३०० वर म्हणजे फार वाढलेला. सॅम्पल सकाळच्या पहिल्या लघवीचे, मधल्या धारेचे द्या. आदल्या दिवशी केळीचे घड वाहण्यासारखी जड मेहनत, ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी, शुगर किंवा बीपी फार वाढलेले असणे, या सगळ्यांनी तो तात्पुरता वाढतो. म्हणून एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन सॅम्पल वाढलेले आले, तर ते खरे धरायचे. लॅबने फक्त 'युरीन मायक्रोअल्ब्युमिन' मि.ग्रॅ. प्रति लिटरमध्ये दिले असेल तर तो एसीआर नव्हे. पाणी कमी-जास्त प्यायल्याने तो आकडा हलतो. रेशो मागून घ्या.

क्रिएटिनिन स्नायूंतून येते. अंगाने वाळलेल्या म्हाताऱ्या माणसात ते कमी दिसते आणि किडनी आहे त्याहून चांगली वाटते. मटणाच्या जेवणानंतर काही तास ते वाढलेले दिसते. शंका असेल तिथे स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी उपयोगी पडते.

आकडे बिघडले की पुढे काय, हे माहीत असायला हवे, नाहीतर तपासणीचा उपयोग शून्य. एसीआर वाढलेला असेल आणि बीपी असेल तर रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी, आणि डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन गटातली गोळी, या दोन्ही किडनीची घसरण मंदावतात. सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा बघायचे. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढले तर सहसा गोळी बंद करत नाहीत. "गोळीने किडनी बिघडली" असे समजून लोक ती परस्पर सोडतात आणि नेमके संरक्षण गमावतात. मेटफॉर्मिनचा डोस ईजीएफआर ४५ खाली गेला की कमी करतात, ३० खाली गेला की बंद.

बीपीची रॅमिप्रिल-टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि अंगदुखीची डायक्लोफेनॅकसारखी गोळी किंवा इंजेक्शन, हे तिन्ही एकत्र आले की किडनी चार-दोन दिवसांत बसू शकते, त्यात उन्हाळ्याची तहान असली तर फारच लवकर. अंगदुखीचे इंजेक्शन घेण्याआधी वही दाखवा. 'किडनी साफ करणारी' चूर्णे घेऊ नका. काहींमध्ये जड धातू सापडलेले आहेत.

हृदय

एलडीएलचे, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे, लक्ष्य मधुमेहात कडक असते. चाळिशीच्या पुढे आणि सोबत बीपी, तंबाखू, वाढलेला एसीआर यांपैकी काही असेल तर ७० च्या आत. हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर ५५ च्या आत. रिपोर्टवर छापलेली १०० किंवा १३० ची मर्यादा तुमच्यासाठी नाही.

आपल्याकडे पुष्कळांचा साचा असा असतो: एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉल ३५, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी ३२०. नेहमीच्या सूत्राने एलडीएल ९१ निघते आणि सगळे खूश होतात. एकूणमधून एचडीएल वजा करा: १५५. हे नॉन-एचडीएल. त्याचे लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्याहून ३० ने जास्त, म्हणजे इथे १००. धमनीत साचणारी चरबी बरीच आहे आणि एलडीएलच्या आकड्यात ती दिसली नाही. ट्रायग्लिसराइड ४०० वर असेल तर ते सूत्र चालतच नाही; उपाशीपोटी पुन्हा सॅम्पल द्या किंवा एलडीएल थेट मोजून घ्या. ५०० वर गेल्यास स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका सुरू होतो आणि १००० वर तो फार वाढतो. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी पुन्हा मोजायचे.

लिपोप्रोटीन-ए या एलडीएलसारख्याच चरबीच्या कणाची तपासणी आयुष्यात एकदाच करा. ते बहुतांशी जन्मजात ठरलेले असते. ५० मि.ग्रॅ. प्रति डेसीलिटरच्या वर असेल, तर बाकीचे आकडे चांगले असले तरी धोका जास्त धरायचा.

एनटी-प्रोबीएनपी ही हृदय निकामी होण्याची चाहूल देणारी तपासणी तुलनेने महाग आहे. जुना मधुमेह, बीपी, जिना चढताना लागणारा दम किंवा वाढलेला एसीआर असेल तर जरूर करावी. १२५ पिकोग्रॅमच्या वर आल्यास इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढतात. लठ्ठ माणसात हा आकडा खोटा कमी दिसतो, किडनी बिघडलेली असताना आणि उतारवयात जास्त. एचएस-सीआरपी ही शरीरातली सूज दाखवणारी तपासणी ताप-सर्दीतही उसळते, तेव्हा १० वर आलेली दोन आठवड्यांनी पुन्हा केल्याशिवाय वाचू नका.

यकृत: घरी होणारा हिशेब

मधुमेहात यकृतावर चरबी चढणे नेहमीचे आहे. धोका चरबीपेक्षा त्या यकृतावर व्रण पडून ते घट्ट होण्याचा आहे, आणि तो एएसटी-एएलटी ही यकृताची एन्झाइम्स नॉर्मल असतानाही असू शकतो. त्यासाठी फिब-४ नावाचा आकडा काढतात: वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट गुणिले एएलटीचे वर्गमूळ.

प्लेटलेट इथे हजारांत घ्यायचे. आपल्या रिपोर्टवर ते लाखात असतात, आणि बहुतेक चुका इथेच होतात. १.८ लाख म्हणजे १८०. वय ५४, एएसटी ४२, एएलटी ४९ असेल तर वर ५४ गुणिले ४२ म्हणजे २२६८; खाली १८० गुणिले ७ म्हणजे १२६०; उत्तर १.८. १.३ खाली असेल तर धोका कमी, पासष्टीनंतर ही सीमा २ धरतात. २.६७ वर असेल तर पोटविकारतज्ज्ञांकडे जा. मधल्यांनी फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा घट्टपणा मोजणारी तपासणी, करून घ्यावी. पस्तिशीच्या आत हे सूत्र भरवशाचे नाही. डेंग्यूत किंवा नुकत्याच येऊन गेलेल्या तापात प्लेटलेट उतरलेले असताना तर मुळीच काढू नका, उत्तर भलतेच वर जाते.

बाकीचे थोडक्यात

मेटफॉर्मिन चार-पाच वर्षांहून जास्त चालू असेल तर बी१२ करा, शाकाहारी असाल तर नक्कीच. २०० पिकोग्रॅमखाली म्हणजे कमतरता, २०० ते ३०० संशयास्पद. पायांची आग आणि मुंग्या शुगरमुळे असतील तसे बी१२ मुळेही असतात, आणि दुसऱ्यावर सोपा उपाय आहे. इंजेक्शन घेतल्यावर तपासणी करण्यात अर्थ नाही, आधी करा.

मोठ्या 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये कॅन्सर मार्कर, होमोसिस्टीन, इन्सुलिन लेव्हल असे बरेच असते. मधुमेहाच्या गुंतागुंतीचा निर्णय त्यातल्या कशाने बदलत नाही. होमोसिस्टीन गोळ्यांनी उतरवून हार्ट अटॅक कमी झाल्याचे दिसलेले नाही. इतके करून पुष्कळ पॅकेजमध्ये एसीआर नसतो. पैसे मोजण्याआधी यादी वाचा.

एचबीए१सी औषध बदलले असेल तर दर तीन महिन्यांनी, स्थिर असेल तर सहा महिन्यांनी. क्रिएटिनिन, एसीआर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, एएसटी, एएलटी, प्लेटलेट वर्षातून एकदा. ईजीएफआर ६० खाली किंवा एसीआर ३० वर गेला की दोन ते चार वेळा, डॉक्टर सांगतील तसे. डोळ्याचा पडदा आणि पायाची संवेदना रक्तात दिसत नाहीत. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा बघणे आणि १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे नायलॉनच्या ठरावीक धाग्याने, तळवे तपासणे, ही दोन कामे रिपोर्ट कितीही चांगले असले तरी ठरलेलीच.

काही वेळी वही आणि पुढची तारीख बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा. डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन गटातली गोळी चालू असताना उलट्या, पोटदुखी आणि जोरजोरात श्वास सुरू झाला, तर शुगर २०० असली तरी कीटोन तपासायला सांगा. या गोळीवर शुगर फार न वाढताही रक्त आम्लयुक्त होते. जुलाब-उलट्यांनी काही पोटात राहत नसेल तर ही गोळी, मेटफॉर्मिन आणि बीपीच्या गोळ्या त्या दिवशी घ्यायच्या का, हे आधी फोन करून विचारा. पायाची जखम काळी पडू लागली, लघवी एकदम कमी झाली, एका डोळ्यापुढे अचानक पडदा आला किंवा छातीत दडपण येऊन घाम फुटला, तर लॅबकडे नाही, जवळच्या मोठ्या रुग्णालयाकडे निघा, आणि वही सोबत घ्या.